मुदतीआधी भाड्याचं घर सोडताना



बोईसर-तारापूर एमआयडीसीच्या पट्ट्यात वडिलांचं काम सुटलं की घर सुटतं, आणि वर्गातला एक बाक रिकामा होतो. डिपॉझिट अडकलं तर नव्या गावी घर मिळत नाही. म्हणून आजचा पाठ मोठ्यांसाठी.

आपल्याकडे घर बहुधा ११ महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर मिळतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात.

करारात दोन गोष्टी आधी शोधा. लॉक-इन म्हणजे ज्या काळात घर सोडायचं नाही असं ठरलंय तो काळ. आणि नोटीस किती दिवसांची.

आता उदाहरण. समजा, करार १ जूनपासून, भाडं ८,००० रुपये, डिपॉझिट २५,०००, लॉक-इन ६ महिने, नोटीस १ महिना. १ ऑक्टोबरला लेखी नोटीस दिली आणि ३१ ऑक्टोबरला, तोवरचं भाडं भरून, घर सोडलं. नोटीस पूर्ण झाली, पण लॉक-इन ३० नोव्हेंबरपर्यंत आहे. म्हणजे मालक फार तर नोव्हेंबरचे ८,००० मागू शकतो. लाइट बिल ६०० धरलं, तर परत यायचे १६,४०० रुपये.

"एप्रिलपर्यंतचं सगळं भाडं द्या" असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिला असला, तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. १५ नोव्हेंबरला नवा भाडेकरू आला, तर पुढच्या दिवसांचं नुकसान कसलं? हे शांतपणे बोलून दाखवा.

निघताना खोल्यांचे फोटो काढा, मीटरचं रीडिंग लिहा, चावी दिल्याची आणि हिशेब मिटल्याची दोघांच्या सहीची चिठ्ठी घ्या. भाडं नेहमी बँकेतून भरा, म्हणजे पुरावा राहतो.

आणि एक, शिक्षकांसाठी. घराचा वाद चालू असला तरी मुलाचा दाखला त्यात अडकू देऊ नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल, तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. आणि तो उशिरा मिळाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

बाक रिकामा झाला तरी मूल दुसऱ्या बाकावर बसलेलं असावं, एवढंच.