शांत बाळ नेहमीच गुणी नसते

"डॉक्टरसाहेब, बाळ फार गुणी आहे, रडतसुद्धा नाही," असे आजीबाई कौतुकाने सांगतात, तेव्हा मी आधी बाळाच्या पोटाला आणि तळपायांना हात लावून पाहतो. जन्मापासून 28 दिवसांपर्यंतच्या बाळाला 'नवजात' म्हणतात. मोठ्या मुलाचा आजार दिसतो. ताप चढतो, ते कण्हते. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर ताप येईलच असे नाही. उलट अंग गार पडते, दूध ओढणे कमी होते, रडणे क्षीण होते आणि झोप वाढते. घरच्यांना बाळ निवांत वाटते आणि मोलाचे तास निघून जातात.

निरोगी बाळ कसे ओळखावे?

पूर्ण दिवसांच्या बाळाचे वजन साधारणपणे अडीच किलो किंवा जास्त असते. पहिल्या काही दिवसांत ते थोडे घटते व दोन आठवड्यांत भरून येते. बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर पिते. पहिला आठवडा संपताना दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. शिंका, उचकी, पिवळसर पातळ शी यांना घाबरू नये.

घरी काय करावे?

जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. पहिला घट्ट चीक पिळून टाकू नये. त्यात रोगप्रतिकारक शक्ती असते. मध, गुटी, साखरपाणी देऊ नये. आपल्या पाथरीच्या मे महिन्यातल्या उन्हातही सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधात बहुतांश पाणीच असते.

पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये. कोरडे पुसून, टोपडे घालून आईजवळ ठेवावे. पोट गरम पण पाय गार असतील, तर बाळाला थंडी वाजते आहे; आईने उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी व धुरी नको. नाळेला तेल, हळद, राख लावू नये. पाचवीला सटवाई पुजण्यामागे त्या दिवसांची भीती होती. नाळेतून होणारा धनुर्वात त्याच सुमारास बाळे नेत असे. गरोदरपणातील लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे 2015 साली भारत या रोगाच्या उच्चाटनाच्या टप्प्यावर पोहोचला.

ताबडतोब दवाखाना केव्हा?

1. बाळ दूध ओढत नाही किंवा मलूल पडले आहे.
2. अंग गार किंवा तापलेले आहे.
3. श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त आहे, छाती आत ओढली जाते.
4. झटके येतात.
5. पहिल्याच दिवशी कावीळ दिसते, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले आहेत.
6. नाळेभोवती लाली किंवा पू आहे.

यांपैकी एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नका. मानवतवरून परभणी गाठायला तास जातो. 102 किंवा 108 वर फोन करा, आणि वाटेत बाळाला उराशी धरूनच न्या.

या खुणा ओळखायला डॉक्टरच हवा असे नाही. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून गडचिरोलीतील 39 गावांत गावातल्याच बायांना प्रशिक्षण दिले. तीन वर्षांत तेथील नवजात बालमृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. त्याच धर्तीवर 2011 पासून देशभर आशाताई घरी येऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर त्या 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी येतात. त्यांना दारातूनच परत पाठवू नका. बाळाचे वजन करू द्या, अंगाला हात लावू द्या.

आजीबाईंना एवढेच सांगणे आहे: रडून दूध मागणारे बाळ हट्टी नव्हे. काल मागत होते आणि आज मागत नाही, त्या बाळाकडे आधी पाहा.