शांतीचा पहारा

शास्त्रवाचन : फिलिप्पैकरांस पत्र ४:४-७ व ४:१०-१८



घरभेटींच्या वेळी एक प्रश्न आम्हाला वारंवार ऐकू येतो. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाच्या घरी कर्ता माणूस अंथरुणाला खिळलेला असतो, कोणाच्या फ्लॅटचे हप्ते थकलेले असतात. प्रार्थना करू या म्हटले की सगळे हात जोडतात. पण देवाचे आभार मानू या म्हटले की कोणीतरी हळूच विचारते, "फादर, आभार मानायचे तरी कशाचे?" प्रश्न रास्त आहे. घाईने उत्तर देणे हा दुःखी माणसावर अन्याय होईल. म्हणून आज आपण त्याचा थोडा अभ्यास करू या.

१. शांती म्हणजे काय?

चिंतेत गुरफटण्याऐवजी आपले मागणे आभारासह देवापुढे ठेवावे, असे संत पौल फिलिप्पै येथील भाविकांना सांगतो. हे तो तुरुंगातून लिहितो. आपण जगू की मरू, हेही त्याला ठाऊक नाही (१:२०-२४). आणि मागितलेले मिळेलच, असे तो येथे म्हणत नाही. देवाची शांती आपले अंतःकरण राखील, एवढेच तो सांगतो. 'राखणे' यासाठी मूळ ग्रीक शब्द लष्करातला आहे. त्याचा अर्थ पहारा देणे. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती, तेथे निवृत्त सैनिक वसवलेले होते. पहारा म्हणजे काय ते त्या लोकांना सांगावे लागत नव्हते. पहारेकरी उभा राहिला म्हणून बाहेरचे संकट नाहीसे होत नाही. पण ते आत शिरून घराचा ताबा घेत नाही.

२. आभार कशाचे?

पौलाने आभारासाठी वापरलेला ग्रीक शब्द आहे 'युखारिस्तिया'. आपल्या मिस्साबलिदानालाही ख्रिस्तसभेने हेच नाव दिले आहे. प्रभू येशूने भाकरी घेऊन आभार मानले ते कोणत्या रात्री? ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले त्याच रात्री (१ करिंथ ११:२३-२४). त्याने विश्वासघाताबद्दल आभार मानले नाहीत. हातातल्या भाकरीबद्दल मानले. आणि थोड्याच वेळाने गेथशेमनी बागेत, हा प्याला टळावा म्हणून त्याने पित्याची विनवणी केली. आभार आणि आक्रोश एकाच रात्री, एकाच मुखातून निघाले. तेव्हा आजाराला किंवा बेकारीला चांगले म्हणण्याची सक्ती आपल्यावर नाही. त्या अंधारातही देवाने हातात काय ठेवले आहे, तेवढे पाहायचे.

३. ठाण्याहून गेलेले पत्र

पौलासारखेच एक पत्र आपल्या ठाण्याहूनही गेले आहे. १३२१ साली एप्रिल महिन्यात टॉलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे डिमेट्रियस हे चार फ्रान्सिस्कन ठाण्यात रक्तसाक्षी झाले. त्यांचे सोबती, डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डन यांनी त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. पुढे एकटे पडलेल्या जॉर्डन यांनी ठाण्याहून आपल्या धर्मबंधूंना पत्र पाठवले. तहान-भूक, छळ, सर्वांगाचे दुखणे, काहीच त्यांनी लपवले नाही. तरी येशूसाठी हे सारे सोसण्याची तयारी दाखवून, आणखी बंधूंनी येथे यावे असे त्यांनी कळवले. १३२९ साली पोपमहोदयांनी त्यांना कोल्लमचे बिशप नेमले. शांती लाभलेला माणूस दुःख झाकून ठेवतोच असे नाही. पण दुःखाला शेवटचा शब्द बोलू देत नाही.

४. या आठवड्यासाठी

संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेल्या आत्मपरीक्षणात पहिली पायरी आभाराची आहे; पापांचा हिशेब त्यानंतर येतो. आपण तीच सुरुवात करू या. संध्याकाळच्या लोकलमध्ये ठाणे सुटल्यावर, किंवा रात्री दिवा मालवण्यापूर्वी, त्या दिवसाची एकच गोष्ट आठवावी : कोणी सरकून दिलेली चौथी सीट, आजाऱ्याने खाल्लेले दोन घास. तिच्याबद्दल आभार मानावेत. मग मनातली चिंता जशी आहे तशी देवाला सांगावी.

आणि ज्याला अशी एकही गोष्ट आठवत नाही, त्याचे काय? पत्राच्या शेवटी पौल स्वतः आभार मानतो ते फिलिप्पैच्या लोकांनी एपफ्रदीतच्या हाती पाठवलेल्या मदतीबद्दल. कैद्याच्या आभाराचे कारण ही माणसे झाली होती. आपल्या धर्मग्रामात असे एखादे घर आपल्याला माहीत असेल, तर तेथे उपदेश घेऊन जाऊ नये. जेवणाचा डबा घेऊन जावे, थोडा वेळ बसावे आणि त्यांचे ऐकून घ्यावे.

मननासाठी : आज माझ्या हातात कोणती भाकरी आहे? ती मी कोणाबरोबर मोडणार आहे?