थंडीतली उडती खार आणि पोकळ मोह



मेळघाटात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात. या दिवसांत वसतिगृहातील मुलांना मी रात्री जागणाऱ्या प्राण्यांचा पाठ देतो. यंदा उडत्या खारीची पाळी होती. तुमच्यापैकी थोड्यांनीच ती पाहिली असेल, म्हणून तोच पाठ येथे देत आहे.

नाव उडती खार असले, तरी ती पक्ष्यासारखी उडत नाही. तिच्या पुढच्या व मागच्या पायांमध्ये केसाळ कातडीचा पडदा असतो. उंच फांदीवरून झेप घेताना ती चारही पाय ताणते, पडदा पसरतो आणि ती तिरकी तरंगत दुसऱ्या झाडाच्या खोडावर उतरते. आपल्याकडची ही खार मोठी असते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ ३ फूट. दिवसभर ती ढोलीत झोपते, अंधार पडल्यावर बाहेर येते आणि उजाडण्यापूर्वी परतते.

एका मुलीने विचारले, "सर, थंडीत ती बेडकासारखी झोपूनच राहते का?"

तसे नाही. उडत्या खारी संपूर्ण हिवाळा झोपून काढत नाहीत. उत्तर अमेरिकेत अगदी लहान उडत्या खारी आहेत. त्या थंडीपूर्वी कठीण कवचाची फळे साठवतात आणि कडाक्याच्या थंडीत एकाच ढोलीत अनेक जणी अंगाला अंग लावून बसतात. एकीची ऊब दुसरीला मिळते. आपली मोठी खार हिवाळ्यातही रात्री चरायला निघते. फळे नसतील तेव्हा पाने, कळ्या, साल आणि कोवळ्या डहाळ्यांवर भागवते. राजस्थानातील सीतामाता अभयारण्यात तर मोहाचे झाड हेच तिचे घर आणि तेच तिचे ताट.

ढोली मात्र दोघींनाही हवी. खार ती स्वतः कोरत नाही. फांदी मोडून खोड कुजते किंवा सुतार पक्षी भोक पाडतो, तेव्हा ढोली तयार होते. मोठ्या खारीला पुरेल एवढी ढोली जुन्या झाडातच सापडते. रोप लावून ती दहा-वीस वर्षांत मिळत नाही.

आमच्या आवारामागे असाच एक जुना मोह आहे. फुले कमी देतो, आतून पोकळ आहे. थंडीच्या सरपणासाठी तो पाडावा, असे बोलणे चालले होते. मुलांनाही थंडी वाजते, तेव्हा ही मागणी काही चुकीची नव्हती. पाठानंतर मुले तीन संध्याकाळी त्या झाडापासून दूर, गप्प बसून राहिली. तिसऱ्या दिवशी ढोलीतून एक डोके बाहेर आले. दुसऱ्या दिवशी मुलांनीच सांगितले, "झाड राहू द्या. वाळक्या फांद्या आम्ही वेचून आणू." सध्या आंघोळीचे पाणी आठवड्यातून तीनच दिवस तापते. कुरकुर होते, पण मोह उभा आहे.

तुमच्या अंगणात, शेताच्या बांधावर किंवा चर्चच्या आवारात जुने पोकळ झाड असेल, तर कुऱ्हाड लावण्यापूर्वी दोन-तीन संध्याकाळी त्याच्याकडे नीट पाहा. खार नसेल, तर घुबड असेल, पोपट असेल. बॅटरीचा झोत ढोलीवर रोखू नका आणि झाडावर काठी आपटू नका. सोबत मुलांना न्या व त्यांना एकच प्रश्न विचारा: हे झाड गेले, तर आत राहणाऱ्याने या थंडीत कुठे जायचे?