न वटलेला धनादेश आणि आपली पत

इंदूरच्या सराफ्यात किंवा बडोद्याच्या पेढ्यांवर ज्यांच्या वाडवडिलांनी व्यवहार केले, त्यांना हुंडी परत येणे म्हणजे काय हे सांगावयास नको. हुंडी नाकारली गेली की पैसा अडे आणि पतही जाई. धनादेश हे त्या हुंडीचेच आजचे भावंड होय.

धनादेशाचा कायदा १८८१ चा; त्याचे नाव परक्राम्य संलेख अधिनियम. खात्यात शिल्लक नाही म्हणून धनादेश परत आला, तर त्या कायद्याखाली पूर्वी तो गुन्हा नव्हता. धनकोने दिवाणी दावा लावून वाट पाहावी, एवढेच. १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ अंमलात आले आणि ही गोष्ट शिक्षापात्र झाली. आज तीस दोन वर्षांपर्यंत कैद, धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

परंतु हे कलम मुदती पाळणाऱ्यासच उपयोगी पडते. त्या मुदती एका उदाहरणाने पाहू. समजा, सभागृहाच्या भाड्याचा धनादेश परत आल्याची चिठ्ठी बँकेकडून ५ जून रोजी मिळाली. त्यानंतर ३० दिवसांत, म्हणजे ५ जुलैपर्यंत, रकमेची मागणी करणारी लेखी नोटीस धाडावी. ती पोच मिळेल अशा टपालाने धाडणे बरे. समोरच्यास ती १० जुलैला पोचली, तर पैसे भरण्यास त्यास १५ दिवस, म्हणजे २५ जुलैपर्यंत, अवधी मिळतो. तेवढ्यात त्याने रक्कम भरली तर खटला उरत नाही. न भरल्यास पुढील एका महिन्यात न्यायालयात फिर्याद करावी. शिवाय धनादेशावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत भरलेला असला पाहिजे, हेही ध्यानात असावे.

आपल्या समाजात घोटाळा होतो तो येथेच. देणारा ओळखीचा, बहुधा नात्यातला. “पुढच्या आठवड्यात देतो” असे तो म्हणतो, आपण भिडेखातर थांबतो आणि ३० दिवस उलटून जातात. नोटीस म्हणजे भांडण नव्हे; ती उभयतांच्या सोयीची आठवण आहे. तोंडी तगाद्याने मात्र मुदत थांबत नाही.

विश्वस्तांनी आणखी एक भेद जाणावा. कलम १३८ कायदेशीर देण्यापुरते आहे. भाडे किंवा विद्यार्थी-कर्जाचा हप्ता हे देणे होय. देणगी हे देणे नव्हे. देणगीचा धनादेश परत आला तर हे कलम लागू पडत नाही. म्हणून ‘धनादेश वटल्यास’ असा शेरा पावतीवर असावा हे उत्तम.

आता स्वतः सही करणाऱ्यांविषयी. ओव्हरड्राफ्ट म्हणजे शिल्लक नसताही ठराविक मर्यादेपर्यंत उचल करण्याची बँकेशी आधी केलेली बोली. उचललेल्या रकमेवर व्याज पडते. अशी बोली नसता “बँक सांभाळून घेईल” असे गृहीत धरू नये. धनादेश परत गेला की बँक आपल्या खात्यातून आकार कापते, आणि पुष्कळदा घेणाऱ्याच्या खात्यातूनही. ज्याला आपण पैसे द्यायचे, त्यालाच असा भुर्दंड बसतो.

तेव्हा सही करण्यापूर्वी पासबुक पाहावे. कोरा धनादेश सही करून कोणाच्या हाती देऊ नये. अडचण आलीच तर धनादेश भरला जाण्याआधी समोरच्यास मोकळेपणे सांगावे. आधी सांगितलेली अडचण माणसे समजून घेतात. परत आलेला कागद मात्र विसरत नाहीत.