उंबऱ्याच्या आतला धूर

होटगीसारख्या गावात बाई विडी ओढताना सहसा दिसत नाही. म्हणून धूम्रपान हा पुरुषांचा प्रश्न, असे आपण धरून चालतो. बाईचा संबंध आलाच तर तो विड्या वळण्यापुरता. सोलापुरात आणि कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत कितीतरी स्त्रिया त्यावर घर चालवतात. परंतु जी विडी ओढत नाही व वळतही नाही, अशा गरोदर स्त्रीच्या पोटातील मुलापर्यंतही हा धूर पोहोचतो.

तो कसा, हे समजून घेण्याजोगे आहे. विडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. वारेतून तो मुलाच्या रक्तात जातो व तेथे आईपेक्षाही थोडा जास्त साठतो. तेवढा प्राणवायू मुलाला कमी पडतो. निकोटिनही वार ओलांडते.

स्वतः न ओढणाऱ्या, पण धुरात वावरणाऱ्या गरोदर स्त्रियांविषयीचे अनेक अभ्यास २००८ साली एकत्र तपासले गेले. त्यांच्या मुलांचे वजन सरासरी ३३ ग्रॅमने कमी भरले. २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे मूल होण्याचा संभव २२ टक्क्यांनी वाढलेला आढळला. ३३ ग्रॅम म्हणजे चिमूटभरच, असे कोणी म्हणेल. पण आधीच रक्त कमी असलेल्या आईचे मूल काठावर असते. त्याला चिमूटही जड जाते. (मशेरी लावणाऱ्या भगिनींनीही निश्चिंत राहू नये. मुंबईतील २००४ च्या अभ्यासात धूरविरहित तंबाखूने हीच घट १०५ ग्रॅम दिसली.)

२ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानास देशभर बंदी आहे. होटगी जंक्शनच्या फलाटावर विडी पेटवली तर दंड होतो. घरात मात्र कायदा येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याचा धूर घ्यावा लागत होता. आणि "मामंजी, बाहेर जाऊन ओढा" असे कोणती सून म्हणेल?

वहिनीला दिवस गेले तेव्हा मी हा विषय घरी काढला. आजोबा म्हणाले, "आम्ही सात जणं ह्याच धुरात वाढलो की गं!" चुलीपुढून आजी म्हणाली, "सात वाढली. जन्मली दहा." ती तिघे धुरानेच गेली, असे अर्थातच म्हणता येणार नाही. आजोबा काही बोलले नाहीत. पण हल्ली त्यांची काडेपेटी गोठ्यातल्या कोनाड्यात असते.

आशाताई घरी येतात तेव्हा गरोदर बाईची विचारपूस करतात. घरात विडी कोण ओढतो, हेही त्यांनी विचारावे. आणि ते सुनेला नव्हे, सासऱ्यांना विचारावे.