प्रचारसेवेतील आठवडा आणि मनाचे चढउतार

परदेशात धर्मप्रचारासाठी गेलेल्या तरुणाचे मन आठवड्यागणिक वरखाली होते, ही गोष्ट सेवा करून परतलेल्यांना पक्की ठाऊक असते. मात्र निघण्यापूर्वी ती त्यांना क्वचितच कोणी सांगितलेली असते. ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या, सामान्यतः मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पंथाची सेवापद्धती या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगी आहे, कारण तीत काम, हिशोब आणि घराशी होणारा संवाद हे सारे आठवड्यालाच बांधलेले असते. या पंथाने २०१२ मध्ये सेवेचे किमान वय तरुणांसाठी १८ आणि तरुणींसाठी १९ वर्षांवर आणले. तरुणांची सेवा २४ महिन्यांची, तर तरुणींची १८ महिन्यांची असते. कोणत्या देशात जायचे हे ते स्वतः ठरवत नाहीत, आणि दिवसरात्र सोबत राहणारा जोडीदारही त्यांनी निवडलेला नसतो.

आठवड्यातील सर्वांत अवघड घटका बहुधा रविवारी सकाळी येते. शनिवारी ‘नक्की येतो’ असे सांगणारा गृहस्थ सभेला येत नाही. त्याच्यासाठी राखलेली खुर्ची रिकामी राहते, आणि पहिले गीत संपेपर्यंत दोघा प्रचारकांची नजर पुनःपुन्हा दाराकडे जाते. त्यानंतर किती जणांना शिकवले, किती जण सभेला आले, बाप्तिस्म्याची म्हणजे दीक्षास्नानाची तारीख किती जणांनी ठरवली, याचे आकडे वरिष्ठांना कळवायचे असतात. हे आकडे दुसऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतात, तरीही प्रचारक ते आपल्या श्रद्धेचे माप मानू लागतो, आणि खरा धोका येथेच सुरू होतो. दार उघडणे न उघडणे हा समोरच्याचा हक्क आहे, हे ज्याने मनाशी स्वीकारले त्याचा रविवार सुसह्य होतो. शिवाय समोरच्यावर दडपण आणण्याचा मोहही त्याला होत नाही.

बहुतेक ठिकाणी सोमवार हा ‘तयारीचा दिवस’ असतो: कपडे धुणे, किराणा आणणे, केस कापणे आणि घरी पत्र लिहिणे ही कामे त्याच दिवशी उरकून संध्याकाळी पुन्हा प्रचाराला निघायचे असते. फेब्रुवारी २०१९ पूर्वी घरी फोन करण्याची मुभा साधारणतः वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनी, मिळत असे. आता ती दर आठवड्याला मिळते. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांच्या पत्रांना मायदेशी पोहोचायलाच कित्येक महिने लागत, हे लक्षात घेता ही सवलत मोठीच आहे. आईचा आवाज ऐकल्यावर सोमवारची रात्र जड जाते हे खरे, तरी हा बदल योग्यच म्हणावा लागेल. मात्र घरच्यांना काळजी नको म्हणून पत्रात केवळ यशाच्या गोष्टी लिहिण्याची सवय घातक ठरते, कारण आठवड्यामागून आठवडे असे लिहिणाऱ्याला पुढे मदत मागणे अवघड होऊन बसते. म्हणून पत्रात निदान एक कठीण दिवस जसा गेला तसा लिहावा. जोडीदाराशी झालेला अबोलाही आठवडा संपण्यापूर्वी बोलून मिटवावा.

याच पंथाच्या, प्रचारकांसाठी काढलेल्या एका पुस्तिकेत ताणाच्या हिरवी, पिवळी, नारिंगी आणि लाल अशा चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांवरचा ताण नव्या देशात, नव्या भाषेत स्वाभाविकच असतो. परंतु झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे आणि रविवारची निराशा पुढच्या रविवारपर्यंत न ओसरणे ही लक्षणे दिसली, तर अधिक प्रार्थना करण्याचा सल्ला पुरेसा नसतो, डॉक्टर किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी लागते. पालकांनी साप्ताहिक फोनवर ‘किती जण आले?’ असे विचारण्याआधी ‘झोप लागते का, जेवतोस का?’ असे विचारावे, आणि मुदतीपूर्वी परतावे लागलेल्या मुलामुलींना, पूर्ण सेवा करून आलेल्यांइतक्याच मानाने, घरात आणि मंडळीत सामावून घ्यावे.