कईलाच्या वेशीचे अडसर



आजचं वाचन आहे १ शमुवेल, अध्याय २३, वचनं १ ते १३. आधी ते वाचून या, मग पुढचं वाचा. तेरा वचनं आहेत फक्त, लोकलमध्ये दोन स्टेशनांत होतात.

गेल्या शाब्बाथला प्रार्थना संपल्यावर चहा घेताना एका मुलाने मला विचारलं, "काका, माझा रिझल्ट देवाला आधीच माहीत आहे ना? मग मी प्रार्थना कशाला करायची, आणि अभ्यास तरी कशाला?" विचारताना तो हसत होता. पण सीएचा त्याचा दुसरा अटेम्प्ट नुकताच हुकलाय, त्यामुळे ते हसणं काही खरं नव्हतं. मी त्याला म्हटलं, दोन दिवस दे. त्याचंच हे उत्तर.

कईला हे यहूदातलं एक तटबंदीचं गाव. पलिष्टी येऊन त्यांची खळी लुटत होते. खळं लुटणं म्हणजे काय हे आपल्याला शहरात कळत नाही. वर्षभराची मेहनत, मळणी झालेलं धान्य समोर पडलंय आणि कोणीतरी ते भरून नेतोय. दावीद तेव्हा स्वतःच शौलापासून पळत होता. तरी तो देवाला विचारून गेला आणि गाव सोडवलं. इकडे शौलाला कळलं की दावीद वेशी आणि अडसर असलेल्या गावात शिरलाय. तो खूश झाला. म्हणाला, देवानेच त्याला माझ्या हाती दिलंय. (हे लक्षात ठेवा. देवाच्या मनातलं आपल्याला कळलंय याची सगळ्यात जास्त खात्री या अध्यायात शौलालाच आहे.)

आता दावीद याजक अब्याथारला एफोद आणायला सांगतो आणि देवाला दोन प्रश्न विचारतो. शौल इथे येईल का? उत्तर : येईल. ज्यांना मी वाचवलं ते कईलाचे लोक मला त्याच्या हाती देतील का? उत्तर : देतील.

मग दावीद काय करतो? रडत बसत नाही. सुमारे सहाशे माणसं घेऊन तो गाव सोडतो. ते ऐकून शौल येतच नाही. आणि कईलाच्या लोकांवर दगा देण्याची वेळच येत नाही.

मग देवाचं उत्तर खोटं ठरलं का? नाही. दावीद तिथे थांबला असता तर तसंच घडलं असतं. देवाने त्याला एका वाटेचं टोक दाखवलं, त्या वाटेने जायचं की नाही हे त्याच्याकडेच ठेवलं. सीएवाल्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे सापडतं. अर्धंच, कारण तू लगेच विचारशील की दावीद निघून जाणार हेही देवाला माहीत होतंच ना?

होतं. इथे आपल्या मोठ्यामोठ्यांनी डोकं खाजवलंय. रब्बी अकिवा यांचं मत पिर्के आवोतमध्ये आलंय : सगळं आधीच पाहिलेलं आहे आणि तरीही माणसाला मोकळीक आहे. त्यांनी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि जोडून दाखवायच्या भानगडीत पडले नाहीत. बाराव्या शतकात रामबामने मिश्ने तोरामध्ये, तशुवाच्या म्हणजे पश्चात्तापाच्या नियमांत, हाच प्रश्न उघडपणे विचारला. त्याचं म्हणणं असं की, आपलं जाणणं आणि आपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, देवाचं तसं नाही. म्हणून देव कसा जाणतो हे माणसाच्या बुद्धीत मावत नाही. पण माणसाची करणी माणसाच्या हातात आहे, याबद्दल त्याला जराही शंका नाही. त्यावर राआवाद चिडला. शेवटपर्यंत नेता येत नसेल तर असा प्रश्न सुरूच कशाला करायचा, असं त्याने लिहिलं. मग स्वतः ज्योतिषाचं उदाहरण दिलं : ज्योतिषी होणारी गोष्ट जाणतो, घडवून आणत नाही. आणि हेही पूर्ण उत्तर नाही, असं त्यानेच कबूल केलं. मला हा वाद आवडतो. दोन एवढे मोठे गुरू, आणि दोघांनीही सगळं समजल्याचा आव आणला नाही.

(जाता जाता : याच रामबामच्या एका पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख येतो. त्यांना तोरा ठाऊक नाही, फक्त शाब्बाथ आणि सुंता पाळतात, असा. ते आपलेच कोकणातले पूर्वज होते का, यावर अभ्यासक अजून बोलतात. घाणा चालवणारे आपले लोक शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. त्यांना बंद ठेवा म्हणून सांगायला तेव्हा कोण येत होतं?)

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती तालमुदातली एक गोष्ट. गर्भ राहतो तेव्हा लैला नावाचा दूत तो थेंब देवापुढे नेतो आणि विचारतो, याचं काय होणार? बळकट की दुबळा, शहाणा की मूर्ख, श्रीमंत की गरीब? पण सज्जन की दुर्जन, हे तो विचारत नाही. कारण देवाचं भय सोडून बाकी सगळं देवाच्या हातात आहे.

ही गोष्ट मला डोळ्यांनी बघायला मिळाली ती राळेगणसिद्धीला. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या लोकांबरोबर गेलो होतो. नगर रस्त्यावर वाडेगव्हाणपासून आत जायचं. पारनेर तालुका, पाऊस जेमतेम ४०० ते ५०० मिलिमीटर, तोही लहरी. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले तेव्हा दुष्काळ होता, दारूच्या भट्ट्या होत्या, आणि एक पाझर तलाव होता जो गळत होता. पुढे लोकांनी श्रमदानाने तो दुरुस्त केला, नाला बंडिंग केलं, चर खणले, झाडं लावली. विहिरींना पाणी आलं. धान्य बँक निघाली. पाऊस किती पडायचा हे गावाच्या हातात तेव्हा नव्हतं, आजही नाही. त्या बांधाकडे बघताना मला लैला दूत आठवला. त्याने पाऊसही विचारला असेल. बांध घालतील का, हे नाही विचारलं.

पण मला तिथे एक गोष्ट टोचली, ती लपवत नाही. दारू सोडत नसलेल्यांना खांबाला बांधून मारलं, हे अण्णांनी स्वतःच सांगितलेलं आहे. आई कडू औषध देते तसं, अशी त्यांची बाजू. त्या घरांतल्या बायकांना काय वाटलं असेल, ते मी समजू शकतो. तरी रामबामचा नियम आडवा येतो : जबरदस्तीने झालेल्या गोष्टीचं ना बक्षीस, ना शिक्षा. खांबाला बांधलेल्या माणसाने दारू सोडली, की त्याच्याकडून सोडवून घेतली? दावीदला देवाने असं बांधलं नव्हतं. सांगितलं, आणि वेस उघडी ठेवली.

दारूचं मला एवढं का लागतं, तेही लिहितो. माझा धाकटा मामा दारूत गेला. आजी म्हणायची, कपाळावरचं कोण पुसणार? एका बुधवारी रात्री मामाचा फोन आला. "मला कुठेतरी भरती कर, आता खरंच सोडायचीय." मी म्हटलं, रविवारी बघू. रविवारी मी गेलो नाही. असे फोन आधीही चार-पाच आले होते, आणि तो काही सोडणार नाही हे मला "माहीत" होतं. तीन महिन्यांनी तो गेला. कबरस्तानात सगळे म्हणाले, देवाची मर्जी. मीही म्हणालो.

आता हा अध्याय वाचताना मी स्वतःला दावीदच्या जागी ठेवूच शकत नाही. मी शौलाच्या जागी आहे, ज्याला देवाचा निर्णय आधीच ठाऊक होता. मी रविवारी जाणार नाही हे देवाला माहीत असेल. पण गेलो नाही तो मी. नव्याच्या सणाला आपण म्हणतो, या वर्षी कोण जगणार, कोण जाणार हे लिहिलं जातं. त्याच दमात म्हणतो की तशुवा, प्रार्थना आणि दानधर्म तो कठोर हुकूम टाळतात. त्या ओळीपाशी मी दर वर्षी थांबतो.

तर मित्रा, प्रार्थना कर, आणि पुस्तक उघड. तुला काय येईल आणि काय नाही हे देवाला माहीत आहे, मला नाही, तुलाही नाही.

उद्या अध्याय २४. गुहेत शौल दावीदच्या हाती सापडतो आणि त्याची माणसं त्याला सांगतात, देवाने सांगितलेला दिवस तो हाच. दावीद काय करतो ते नीट बघून या. आणि हो, पोरगा पुन्हा परीक्षेला बसतोय. त्याच्या आईने एलियाहू हन्नावीला मलिदा बोललाय. पास झाला तर पोहे-नारळ घेऊन सगळ्यांनी यायचं आहे, नापास झाला तरी मी जाणार आहे.